विश्लेषण : ३० वर्षांपूर्वीचा गेम आजही चालतो, मग १० वर्षांपूर्वीचा का नाही?

लाल चिलखत, चेहरा पूर्ण झाकणारे हेल्मेट, हातात बंदूक आणि अख्ख्या गेममध्ये तोंडातून एक शब्दही नाही. १९९५ मध्ये आलेल्या ‘क्रुसेडर : नो रिमॉर्स’ या कॉम्प्युटर गेमचा हा नायक. हा गेम बनवणारी कंपनी २००४ मध्ये बंद झाली. ज्या डॉस प्रणालीसाठी तो लिहिला होता, ती आता घराघरांतून गेली. ज्या सीडीवर तो यायचा, ती सीडी घालायला लॅपटॉपला खाचही उरलेली नाही. तरीही हा गेम आज चालतो, विकत मिळतो आणि त्याची आठवण काढणारेही कमी नाहीत.

याउलट २०१४ मध्ये आलेला ‘द क्रू’ हा मोटार शर्यतीचा गेम ज्यांनी रोख पैसे मोजून घेतला, त्यांच्यासाठी तो ३१ मार्च २०२४ रोजी कायमचा बंद झाला. कंपनीने सर्व्हर बंद केला आणि गेम संपला. जुने टिकले आणि नवे गेले, असे का घडले? जुन्या गेमच्या या आठवणींचा आणि आपण ‘विकत घेतो’ त्या डिजिटल वस्तूंचा संबंध काय? हे समजून घेऊ.

‘क्रुसेडर’ नेमका काय होता?

अमेरिकेतील टेक्सास राज्यातील ऑस्टिन शहरात ‘ओरिजिन सिस्टिम्स’ ही कंपनी होती. १९८३ मध्ये रिचर्ड गॅरियट आणि त्यांच्या कुटुंबीयांनी ती सुरू केली. ‘अल्टिमा’ आणि ‘विंग कमांडर’ या मालिकांमुळे तिचे नाव झाले. १९९२ मध्ये ‘इलेक्ट्रॉनिक आर्ट्स’ अर्थात ‘ईए’ने ती विकत घेतली. टोनी झुरोव्हेक यांच्या नेतृत्वाखालील चमूने १९९५ मध्ये ‘क्रुसेडर : नो रिमॉर्स’ बाजारात आणला. पुढच्याच वर्षी ‘क्रुसेडर : नो रिग्रेट’ हा दुसरा भाग आला.

कथा बाविसाव्या शतकातली. जगाची अर्थव्यवस्था कोसळल्यावर बड्या कंपन्यांच्या एका महासंघाने सगळी सत्ता हातात घेतली आहे. ‘वर्ल्ड इकॉनॉमिक कन्सॉर्शियम’ हे त्याचे नाव. निवडणुका, सरकारे, देश ही सारी नावापुरती. या महासंघाची खास सैनिकांची तुकडी म्हणजे ‘सायलेन्सर’. नि:शस्त्र नागरिकांवर गोळ्या झाडण्याचा हुकूम तीन सायलेन्सर धुडकावतात. परतीच्या वाटेवर त्यांच्याच मालकांचे यंत्र त्यांच्यावर हल्ला करते. दोघे मरतात. उरलेला एक बंडखोरांना जाऊन मिळतो. तो एक म्हणजे आपण, खेळणारे.

गंमत म्हणजे बंडखोरांच्या तळावर कुणीच त्याचे स्वागत करत नाही. काल ज्याने आपली माणसे मारली, त्याच्यावर आज विश्वास कसा ठेवायचा? मोहिमांच्या मध्ये येणाऱ्या, खऱ्या अभिनेत्यांना घेऊन चित्रित केलेल्या प्रसंगांत ही कुजबुज सतत ऐकू येते. नायक मात्र गप्प. त्या काळच्या गोळीबाराच्या गेममध्ये इतकी अवघडलेली परिस्थिती क्वचितच असायची.

‘आयसोमेट्रिक’ म्हणजे काय आणि ते का वापरले?

इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला ड्रॉइंगच्या शीटवर ज्यांनी ठोकळे काढले आहेत, त्यांना हा शब्द चांगलाच माहीत असेल. वस्तूची एक बाजू, दुसरी बाजू आणि माथा एकाच चित्रात दिसेल अशा तिरक्या कोनातून काढलेले चित्र म्हणजे आयसोमेट्रिक. यात दूरची वस्तू लहान आणि जवळची मोठी दिसत नाही. खोलीच्या या टोकाचा ठोकळा आणि त्या टोकाचा ठोकळा अगदी सारख्याच मापाचा.

हाच गुण गेम बनवणाऱ्यांच्या पथ्यावर पडला. फरशीच्या एका तुकड्याचे चित्र एकदा तयार केले की ते संपूर्ण इमारतीत कुठेही बसवता येते, अंतरानुसार त्याचा आकार बदलण्याचे गणित करावे लागत नाही. कॉम्प्युटरवर त्यासाठी आडवे दोन ठिपके आणि उभा एक ठिपका अशी चढण वापरतात. त्यामुळे रेषा स्वच्छ दिसते. म्हणून कागदावरचा ३० अंशांचा कोन पडद्यावर साधारण २६.६ अंशांचा होतो. कमी मेमरी आणि मंद प्रोसेसरच्या काळात भक्कम, खरी वाटणारी इमारत उभी करण्याचा हा सर्वांत स्वस्त मार्ग होता.

‘क्रुसेडर’चे इंजिन, म्हणजे गेम चालवणारा मूळ सांगाडा, ओरिजिनच्याच १९९४ मधल्या ‘अल्टिमा ८’वरून घेतलेला होता. मात्र चित्रे ६४० बाय ४८० ठिपक्यांची, म्हणजे तेव्हाच्या मानाने फारच रेखीव होती. त्यात जवळपास सगळे फोडता यायचे. काच, कॉम्प्युटर, खुर्ची, पिंप, कॅमेरे. पिंप फुटले की शेजारचे पेटायचे. आज हे नेहमीचे वाटेल. १९९५ मध्ये ते पाहून लोक तासन् तास मोहीम विसरून ऑफिसेसची मोडतोड करत बसायचे.

मग लोकांना आज त्याची आठवण का येते?

याच्या उत्तरात नुसता हळवेपणा नाही. ‘क्रुसेडर’ची नियंत्रणे किचकट होती. नायक रणगाड्यासारखा जागेवर वळायचा, मग पुढे जायचा. कोलांटी मारायला वेगळी कळ, बसायला वेगळी, बाजूला सरकायला आणखी वेगळी. हात बसायला काही दिवस लागायचे. जे शिकायला कष्ट पडतात ते विसरत नाही, सायकलसारखे.

दुसरे कारण संगीत. अँड्र्यू सेगा आणि डॅन ग्रँडप्री यांनी ते दिले होते. ‘ट्रॅकर’ या पद्धतीने संगीत करणाऱ्या हौशी तरुणांच्या वर्तुळातून सेगा पुढे आले होते. या पद्धतीत पूर्ण रेकॉर्डिंग साठवत नाहीत. आवाजांचे छोटे तुकडे आणि ते कधी, किती उंच स्वरात वाजवायचे याची यादी एवढेच साठवले जाते. त्यामुळे फाइल अगदी लहान राहते. ते संगीत चाहते आजही गेमशिवाय वेगळे ऐकतात.

तिसरे कारण विषय. कंपन्यांनी चालवलेले जग, प्रत्येक वळणावर कॅमेरा, कर्मचाऱ्यांना ध्वनिक्षेपकावरून दिल्या जाणाऱ्या गोड सूचना. तेव्हा हे विज्ञानकथेतले वाटायचे. त्याच घराण्यातला ‘सिंडिकेट’ हा गेम १९९३ मध्ये इंग्लंडच्या ‘बुलफ्रॉग’ कंपनीने आणला होता. त्यात तर खेळणारा स्वतःच अशा एका कंपनीचा अधिकारी असतो आणि एजंट पाठवून प्रदेश काबीज करतो. बुलफ्रॉगलाही १९९५ मध्ये ईएनेच विकत घेतले. २००१ मध्ये तिचा कारभार गुंडाळला गेला.

या आठवणींवर आज बाजारही उभा आहे. पोलंडमधील ‘रीकॉन गेम्स’चा ‘रुइनर’ (२०१७) आणि स्वीडनमधील ‘निऑन जायंट’चा ‘द असेंट’ (२०२१) हे गेम त्याच तिरक्या नजरेतून तसेच अंधारे, कंपन्यांच्या मुठीतले शहर दाखवतात. ‘सिंडिकेट’च्या काही जुन्या मंडळींनी लोकवर्गणीतून २०१५ मध्ये ‘सॅटेलाइट रेन’ आणला. ‘क्रुसेडर’ला मात्र ना नवा भाग मिळाला, ना नवे रूप.

आपल्याकडे ही आठवण कुठून आली?

१९९५ हे वर्ष आपल्याकडे वेगळ्या कारणाने लक्षात राहते. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. घरी कॉम्प्युटर असणे ही तेव्हा गल्लीत सांगण्याची गोष्ट होती. अशा काळात परदेशी गेमचा मूळ खोका विकत घेणारे किती असणार? मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवर, पुण्यातल्या कॉम्प्युटरच्या दुकानांत आणि पुढे सायबर कॅफेत जे मिळायचे, ते बहुतेक कॉपी केलेल्या सीडीवर. पांढरी सीडी, त्यावर मार्करने लिहिलेले नाव आणि तेही अनेकदा चुकीचे.

प्रस्तुत लेखकाचा जन्मच ‘क्रुसेडर’नंतरचा. हा गेम पहिल्यांदा पाहिला तो इंजिनीअरिंगच्या होस्टेलवर, एका सीनियरच्या हार्ड डिस्कवर. त्याला तो त्याच्या मामाकडून मिळाला होता. मामांनी तो कुणाकडून घेतला हे त्यांनाही आठवत नव्हते. म्हणजे आमच्यासाठी ती उसनी आठवण. पण त्या हार्ड डिस्कवरचा गेम डबल क्लिक केल्यावर थेट सुरू झाला. ना पासवर्ड, ना खाते, ना इंटरनेट. त्याच सीनियरने त्या वर्षी पॉकेटमनी साठवून घेतलेला एक ऑनलाइन गेम मात्र आज त्याच्या खात्यात फक्त नावापुरता उरला आहे.

चोरीच्या प्रतीचे समर्थन करण्याचे कारण नाही. पण एक अवघड गोष्ट मान्य करावी लागते : अनेक जुने गेम आज शिल्लक आहेत ते मालकांनी जपले म्हणून नव्हे, तर कुणीतरी कुठेतरी कॉपी करून ठेवले म्हणून.

जुना गेम नव्या यंत्रावर चालतो कसा?

याचे दोन मार्ग आहेत. त्यांतला फरक समजून घेण्यासारखा आहे.

पहिला मार्ग एम्युलेटरचा. ‘डॉसबॉक्स’ हे मोफत सॉफ्टवेअर २००२ पासून उपलब्ध आहे. ते आपल्या आजच्या कॉम्प्युटरच्या आत नव्वदच्या दशकातला एक खोटा कॉम्प्युटर उभा करते. तेव्हाचा प्रोसेसर, तेव्हाचे साउंड कार्ड, तेव्हाची डॉस प्रणाली, सगळे सॉफ्टवेअरने रचलेले. गेमला वाटते आपण आपल्याच काळात आहोत. जुन्या आजोबांसाठी घराची एक खोली त्यांच्या वाड्यातल्या ओसरीसारखी सजवावी, तसे हे.

दुसरा मार्ग इंजिन नव्याने लिहिण्याचा. २००१ मध्ये सुरू झालेला ‘स्कमव्हीएम’ हा प्रकल्प हेच करतो. गेमची चित्रे, आवाज, नकाशे या फाइल्स मूळच्याच राहतात, पण त्या वाचून पडद्यावर हलवणारा सांगाडा स्वयंसेवक नव्याने लिहितात. ‘अल्टिमा ८’साठी चाहत्यांनी ‘पेंटाग्राम’ नावाचे असे इंजिन लिहिले होते. ते पुढे स्कमव्हीएममध्ये सामील झाले. ‘क्रुसेडर’ त्याच घराण्यातला असल्याने त्याच्यासाठीही त्यात काम झाले. स्कमव्हीएम अँड्रॉइड फोनवरही चालते. अर्थात गेमच्या मूळ फाइल्स खेळणाऱ्याकडे असाव्या लागतात.

विक्रीची बाजू पोलंडच्या ‘जीओजी’ने सांभाळली. २००८ मध्ये ‘गुड ओल्ड गेम्स’ या नावाने सुरू झालेले हे दुकान जुने गेम नव्या यंत्रांवर चालतील असे करून, कोणत्याही डिजिटल कुलपाशिवाय विकते. २०११ मध्ये ईएशी करार झाल्यावर ‘क्रुसेडर’सह अनेक जुने गेम तेथे आले. नोव्हेंबर २०२४ मध्ये जीओजीने १०० गेम घेऊन जतनाचा वेगळा कार्यक्रम सुरू केला. निवडलेले गेम पुढच्या यंत्रांवरही चालू ठेवण्याची जबाबदारी त्यात दुकानाने घेतली आहे.

थोडक्यात, ‘क्रुसेडर’ वाचला याचे श्रेय तीन गोष्टींना जाते. तो पूर्ण रूपात खेळणाऱ्याच्या हातात दिला गेला होता. तो चालण्यासाठी कुणाच्या परवानगीची रोज गरज नव्हती. आणि त्याच्यासाठी फुकट राबणारी माणसे मिळाली.

‘द क्रू’च्या बाबतीत काय झाले?

‘युबिसॉफ्ट’ या फ्रेंच कंपनीचा हा गेम डिसेंबर २०१४ मध्ये आला. एकट्याने खेळण्याचा मोठा भाग त्यात होता, पण तोही कंपनीच्या सर्व्हरशी जोडल्याशिवाय चालत नसे. डिसेंबर २०२३ मध्ये विक्री थांबली आणि ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाला. डिस्क घरात असूनही उपयोग नाही. गेमचा निम्मा भाग डिस्कवर नव्हताच, तो कंपनीच्या कॉम्प्युटरवर होता. चाहत्यांनी स्वतःचा सर्व्हर लिहून तो पुन्हा जिवंत करण्याची खटपट केली आहे, पण प्रत्येक गेमच्या नशिबी असे चाहते नसतात.

यातूनच एप्रिल २०२४ मध्ये रॉस स्कॉट या यूट्यूबरने ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम सुरू केली. तिची मागणी अनेकदा चुकीची सांगितली जाते. कंपन्यांनी सर्व्हर कायम चालू ठेवावा, असे ती म्हणत नाही. सर्व्हर बंद करताना गेम खेळता येईल अशा अवस्थेत ग्राहकाकडे सोडा, एवढीच मागणी आहे. मग ते ऑफलाइन खेळण्याची सोय देऊन असो किंवा लोकांना स्वतःचा सर्व्हर चालवू देऊन.

युरोपीय संघात ‘नागरिक पुढाकार’ नावाची एक तरतूद आहे. १० लाख वैध सह्या आणि किमान सात देशांतून ठरावीक पाठिंबा मिळाला की युरोपीय आयोगाला त्या मागणीची दखल घेऊन उत्तर द्यावे लागते. कायदा करणे मात्र बंधनकारक नसते. या मोहिमेने जुलै २०२५ मध्ये १० लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. दरम्यान, टीकेनंतर युबिसॉफ्टने मालिकेतल्या पुढच्या गेमसाठी ऑफलाइन खेळण्याची सोय देण्याचे जाहीर केले. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या ते अशक्य नव्हते.

कंपन्यांचे म्हणणे काय?

त्यांची बाजूही ऐकायला हवी. ‘व्हिडीओ गेम्स युरोप’ या उद्योग संघटनेचे म्हणणे असे की, खासगी सर्व्हरवर खेळाडूंच्या माहितीची सुरक्षा, बेकायदा मजकूर यांची जबाबदारी कुणाची, हा प्रश्न उभा राहतो. काही गेम मुळातच फक्त ऑनलाइन खेळण्यासाठी रचलेले असतात, त्यांना ऑफलाइन करायला लावले तर गेम बनवणेच महाग होईल.

यात तथ्य आहे. आजच्या मोठ्या गेममध्ये दुसऱ्या कंपन्यांकडून भाड्याने घेतलेले संगीत, मोटारींची नावे, सॉफ्टवेअरचे सुटे भाग असतात. त्यांचे करार ठरावीक वर्षांचे असतात. लहान कंपनीला बंद पडण्याच्या दिवशी ही सगळी उकल करायला पैसा आणि माणसे नसतात. म्हणून मोहिमेचे समर्थक सांगतात, नियम आधीच्या गेमना नको, यापुढच्या गेमना लावा. घर बांधतानाच जिना ठेवला तर खर्च थोडा, नंतर भिंत फोडून बसवायचा तर जास्त.

कंपन्यांनी ठरवले तर काय होऊ शकते याचे उदाहरण ‘क्रुसेडर’चे हक्क असलेल्या ईएनेच घालून दिले आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिने ‘कमांड अँड काँकर’ मालिकेतील चार जुन्या गेमचा सोर्स कोड, म्हणजे मूळ प्रोग्रॅमचा मजकूर, खुल्या परवान्याखाली सर्वांसाठी उपलब्ध करून दिला. त्याने कंपनीचे काही बुडाले नाही. उलट चाहते कामाला लागले. ‘क्रुसेडर’ला हे भाग्य लाभलेले नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सौदी अरेबियाचा सरकारी गुंतवणूक निधी, ‘सिल्व्हर लेक’ आणि ‘अॅफिनिटी पार्टनर्स’ यांनी ५५ अब्ज डॉलरना ईए ताब्यात घेण्याच्या व्यवहाराची घोषणा झाली. अशा प्रत्येक व्यवहारात कपाटाच्या तळाशी पडलेले जुने गेमही एका मालकाकडून दुसऱ्याकडे जातात. त्यांच्याकडे कुणी पाहील याची हमी नसते.

किती गेम हरवले आहेत?

‘व्हिडीओ गेम हिस्ट्री फाउंडेशन’ आणि ‘सॉफ्टवेअर प्रिझर्व्हेशन नेटवर्क’ यांनी जुलै २०२३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेत २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या गेमपैकी ८७ टक्के गेम आज बाजारात अधिकृतपणे मिळतच नाहीत, असे त्यात आढळले. म्हणजे ‘क्रुसेडर’ हा उरलेल्या १३ टक्क्यांतला नशीबवान. ग्रंथालयांना असे गेम अभ्यासकांसाठी इंटरनेटवरून उपलब्ध करून देऊ द्यावेत, ही मागणी अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये फेटाळली. ज्याला अभ्यास करायचा आहे त्याने प्रत्यक्ष ग्रंथालयात जावे, असा त्याचा अर्थ.

कॉपीराइट संपण्याची वाट पाहायची म्हटले, तर अमेरिकेत कंपनीच्या नावावरील कलाकृतीला प्रसिद्धीपासून ९५ वर्षे संरक्षण असते. १९९५ च्या ‘क्रुसेडर’चा कॉपीराइट त्यानुसार २०९० च्या अखेरीस संपेल. त्याची कथा ज्या शतकात घडते, ते सुरू व्हायला तेव्हा दहाच वर्षे उरलेली असतील.

भारतात कायदा काय सांगतो?

कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार कॉम्प्युटर प्रोग्रॅम ही ‘साहित्यकृती’ मानली जाते. कलम ५२ मध्ये काही सवलती आहेत. ज्याच्याकडे प्रोग्रॅमची कायदेशीर प्रत आहे, त्याला ती हरवण्याच्या किंवा खराब होण्याच्या भीतीपोटी बॅकअप प्रत करता येते. डिजिटल कुलूप तोडणे हा २०१२ च्या दुरुस्तीतील कलम ६५-अ नुसार गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण त्यासाठी हक्कभंगाचा हेतू असावा लागतो.

त्याच दुरुस्तीत सार्वजनिक ग्रंथालयांसाठीही तरतूद आली. नफ्यासाठी न चालणारे सार्वजनिक ग्रंथालय जतनासाठी एखाद्या कृतीची इलेक्ट्रॉनिक प्रत ठेवू शकते. अट एकच, त्या कृतीची ‘डिजिटल नसलेली’ प्रत ग्रंथालयाकडे आधीपासून असली पाहिजे. पुस्तकासाठी हे ठीक. गेमची डिजिटल नसलेली प्रत कुठून आणणार? कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर पुस्तक होते, गेम नव्हता.

पुस्तकांसाठी आपल्याकडे १९५४ पासून कायदा आहे. देशात प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय यांसह ठरावीक ठिकाणी द्यावी लागते. गेमसाठी अशी व्यवस्था नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संमत झालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याचा रोख पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या गेमवर बंदी आणि ई-स्पोर्ट्सना प्रोत्साहन यांवर आहे.

हा प्रश्न परक्यांच्या गेमपुरता नाही. १९९९ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ‘इंडियागेम्स’ने साध्या बटणांच्या मोबाइलसाठी कितीतरी गेम बनवले. कंपनी पुढे डिस्नेच्या ताब्यात गेली. ज्या फोनवर ते गेम चालायचे ते फोन भंगारात गेले. आज तिशीत असलेल्या कित्येकांच्या हातातला पहिला गेम त्या पडद्यावरचा होता. तो पुन्हा पाहायचा म्हटले तर कुठे जायचे?

महाराष्ट्राला ही हानी नवी नाही. दादासाहेब फाळके यांचा १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ आज पूर्ण रूपात उपलब्ध नाही. आपल्याकडच्या मूकपटांपैकी बहुतेक नष्ट झाले. सिनेमा म्हणजे दोन घटकांची करमणूक, तो काय जपून ठेवायचा, असेच तेव्हा वाटत होते. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभे राहायला १९६४ साल उजाडले आणि पी. के. नायर यांच्यासारख्या माणसाने आयुष्य वेचले तेव्हा उरलेसुरले हाती लागले. गेमबद्दल आज आपण तेच वाक्य बोलतो आहोत.

ग्राहकाने काय करावे?

पहिले, ‘बाय’ या बटणाचा अर्थ नीट समजून घ्या. बहुतेक दुकानांत आपण गेम घेत नाही, तो वापरण्याचा परवाना घेतो. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२५ पासून हे ग्राहकाला स्पष्ट सांगणे विक्रेत्याला बंधनकारक आहे. तीच गोष्ट ई-पुस्तके आणि चित्रपटांचीही. भारताच्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये योग्य कारणाशिवाय एकतर्फी करार संपवण्याची मुभा देणारा करार ‘अनुचित’ ठरू शकतो, हेही लक्षात असू द्या.

दुसरे, घेण्याआधी पाहा की इंटरनेट बंद असताना गेम चालतो का. एकट्याने खेळायचा गेम असूनही कायम जोडणी मागत असेल, तर तो एक दिवस बंद होणार हे धरून चाला. कुलूप नसलेली प्रत मिळत असेल तर ती घ्या आणि डाउनलोड करून दुसऱ्या डिस्कवर ठेवा.

तिसरे, माळ्यावरच्या जुन्या सीडी आणि फ्लॉपी रद्दीत टाकण्याआधी एकदा पाहा. सीडीचा थर दमट हवेत खराब होतो, फ्लॉपीवरचा चुंबकीय ठसा पुसट होतो. यूएसबीने जोडता येणारा सीडी ड्राइव्ह आजही मिळतो. स्वतः विकत घेतलेल्या सीडीची पूर्ण प्रतिमा, म्हणजे आयएसओ फाइल करून ठेवा. एखाद्या मराठी शैक्षणिक सीडीची, बंद पडलेल्या कंपनीच्या गेमची ती शेवटची प्रतही असू शकते.

पुढे काय?

युरोपीय आयोग काय उत्तर देतो, यावर बरेच अवलंबून आहे. मोठी बाजारपेठ एक नियम करते तेव्हा कंपन्या तोच नियम बाकी जगालाही लावतात. मोबाइलच्या चार्जरचे तसेच झाले. युरोपने यूएसबी-सीचा आग्रह धरला आणि आयफोनचे तोंड भारतातही बदलले. गेमबाबत असे काही झाले तर त्याचा फायदा इथल्या ग्राहकालाही होईल. नाही झाले, तर आज दहा-बारा वर्षांचे असलेले मूल तिशीत गेल्यावर ज्या गेमची आठवण काढेल, तो दाखवायला त्याच्याकडे फक्त स्क्रीनशॉट असतील.

‘क्रुसेडर’च्या चाहत्यांची गोष्ट म्हणूनच केवळ जुन्या दिवसांची हळहळ नाही. त्यांच्याकडे हळहळायला वस्तू शिल्लक आहे. होस्टेलवरच्या त्या सीनियरला हा लेख लिहिताना फोन केला. हार्ड डिस्क कधीच गेली, म्हणाला. पण मध्यंतरी त्याने तो गेम रीतसर पैसे देऊन घेतला आणि मामांना त्यांच्या लॅपटॉपवर बसवून दिला. मामा साठीला आले आहेत. कोलांटीची कळ कोणती, हे त्यांना कुणी सांगावे लागले नाही.